नॉक उसानं केला नाही: एका ट्यूनरला खुलं पत्र



"तुमच्याच उसाच्या दारूनं इंजिन खाल्लं," असं तुम्ही फोनवर ठणकावून सांगितलंत आणि फोन ठेवून दिलात. गाडी माझ्या पुतण्याची, इंजिन खोललं मी, इंजिनाच्या संगणकात ट्यूनिंगची फाइल टाकली तुम्ही, आणि दोष मात्र माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या साखर कारखान्यांच्या माथी मारून मोकळे झालात. आमच्याकडं घरटी ऊस आहे. नीरेच्या कालव्याचं पाणी, तोडणीची वाट बघणं आणि बिलाची तारीख यावर इथली वर्षं मोजली जातात. त्यामुळं तुमचं ते वाक्य मी सोडून देणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत असेल तर ती तुमच्या दुकानात ठेवा.

हे तुम्हाला एकट्याला लिहिलं असतं तर तुम्ही वाचून पुसून टाकलं असतं. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या दारात उभी असलेली पुढची पोरंही बारामती-इंदापूरचीच आहेत. उसाचं बिल किंवा द्राक्षाचे पैसे हातात आले की ती गाडी घेऊन तुमच्याकडं येतात, आणि तुम्ही लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात "तीस घोडे वाढले" असं सांगून पैसे घेता. तीस घोडे कुठं मोजले, कोणत्या डायनोवर, किती तापमानाला, हे कुणी विचारत नाही. मी विचारतोय.

आधी गाडी काय होती ते वाचणाऱ्यांना कळू दे. मर्सिडीजची जुनी सी २०० कॉम्प्रेसर. ही कंपनी १९९५ पासून आपल्या पुण्यात गाड्या जुळवते. आधी पिंपरीत, मग २००९ पासून चाकणला. इंजिन चार सिलिंडरचं, १७९६ सीसी, बोअर ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८५. टर्बो नाही, क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा रूट्स जातीचा सुपरचार्जर. जुन्या बाजारात आता स्वस्तात मिळते, म्हणून पोरानं ती घेतली, मागची सीट आणि कार्पेट काढलं, पिंजरा बसवला, आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चालवायची ठरवली. त्याचं एक मला मनापासून आवडलं. भिगवण रोडवर किंवा सोलापूर हायवेवर जीव धोक्यात घालायचा नाही, वेग काढायचा तर ट्रॅकवरच काढायचा, हे त्यानं स्वतःहून ठरवलं होतं. अशा शहाण्या पोराची तुम्ही फसवणूक केलीत, याचा राग जास्त आहे.

तुम्ही सुपरचार्जरची पुली लहान बसवलीत. लहान पुली म्हणजे सुपरचार्जर जास्त फिरणार, जास्त हवा कोंबणार. त्यात काही गुन्हा नाही, जगभर करतात. पण दाबलेली हवा तापते, हे तुम्ही हिशेबातच धरलं नाहीत. आमच्याकडं चैत्र-वैशाखात चाळीस अंश ही रोजची गोष्ट. चाळीस अंशांची हवा १.६ पट दाबली, तर यंत्र अगदी आदर्श असतं तरी ती ८५ अंशांपर्यंत जाते. रूट्स सुपरचार्जर आदर्श नसतो. साठ टक्के कार्यक्षमता धरली तर तीच हवा ११५ अंशांना पोचते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण ट्रॅकवर फेरीमागून फेरी फुल थ्रॉटल मारली की तो स्वतःच भिजल्यासारखा गरम होतो. पोरानं ट्रॅकवर घेतलेल्या लॉगमध्ये इंटरकूलरमधून बाहेर पडल्यावरही ६८ अंश दिसत होते, आणि तुमच्या फाइलमध्ये त्या तापमानाला ठिणगीचं टायमिंग मागं घेण्याचा तक्ता शून्यांनी भरलेला होता. एका ओळीत सगळे शून्य. कंपनीनं तिथं आकडे भरले होते. ते तुम्ही पुसलेत.

आता नॉक म्हणजे काय ते तुमच्यासाठी नाही, तुमच्या गिऱ्हाइकांसाठी लिहितो. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडते. तिथून ज्वाला पसरत जाते आणि दाब हळूहळू, एका चालीत वाढतो. कोपऱ्यात राहिलेलं न जळलेलं मिश्रण मात्र दोन्हीकडून पिळलं जातं: वर येणारा पिस्टन दाबतो आणि पुढं सरकणारी ज्वालाही दाबते. ते फार तापलं की ज्वाला पोचायच्या आतच सगळं एकदम पेटतं. त्या धक्क्याची लाट सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. ८२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये ही आपटाआपट सेकंदाला साधारण सात हजार वेळा होते. जो कोरडा, कडक कडकडाट ऐकू येतो, तो हाच.

धक्क्यापेक्षा वाईट काम उष्णता करते. आतला वायू दोन हजार अंशांच्या वर असतो आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तरी पिस्टन टिकतो. का? त्याच्या अंगाला थंड वायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो, तो त्याला वाचवतो. नॉकची लाट तो थरच खरवडून नेते. मग कडा वितळायला लागतात, रिंगांच्या मधली भिंत तुटते, हेड गॅस्केटची कडा जळते. जास्त दाबाच्या सुपरचार्ज इंजिनात याला महिने लागत नाहीत, एखादं सत्रही पुरतं.

तुम्ही पोराला काय सांगितलंत? "आवाज इंजेक्टरचा आहे, जाड ऑइल टाक." आवाज ओळखणं हे ट्यूनरचं पहिलं काम, आणि तुम्ही तिथंच हात वर केलेत. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल तर आवाज खोल आणि जड येतो, आणि तो आरपीएमबरोबर चालतो. पिस्टन स्लॅप थंड इंजिनाला वाजतो आणि तापल्यावर कमी होतो. इंजेक्टरची टकटक आयडलला सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. नॉक यातल्या कशासारखाही वागत नाही. तो भार पडला की येतो, गरम झाल्यावर वाढतो, आणि पाय उचलला की गायब होतो. पोरानं मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "काका, चौथ्या गिअरला वर चढताना वाजतं, पाय काढला की थांबतं." तेवढ्यावरून मी सांगितलं होतं की गाडी उभी कर. तुम्ही सांगितलंत, "चालव, काही होत नाही." त्यानं तुमचं ऐकलं, कारण पैसे तुम्हाला दिले होते.

गाडी टेम्पोवर घालून बारामतीला आली. चेन आणि कॅमच्या खुणा आधी तपासल्या, जुळल्या. कॉम्प्रेशन घेतलं. बाकीचे तीन सिलिंडर सारखे, तिसऱ्या नंबरचा निम्म्यावर. मग प्लग काढले आणि दिव्याखाली भिंगानं बघितले. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडावी तसे काळे कण होते, आणि त्यांच्यामध्ये चमकणारे बारीक रुपेरी मणी. तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, महाशय. वितळून प्लगवर उडालेला. पहिल्या आणि चौथ्या प्लगवर मणी नव्हते, पण काळे कण तिथंही होते. प्लग हा इंजिनाचा जबाब असतो, आणि तुमच्या कामानंतर तुम्ही एकदाही तो घेतला नाहीत. पोराला विचारलं, फाइल टाकल्यावर तुम्ही एकही प्लग उघडून पाहिला नव्हता.

हेड उतरवलं. तिसऱ्या पिस्टनची एक्झॉस्टकडची कड वाळू मारल्यासारखी खरबरीत झालेली, पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली भिंत अर्ध्या बोटाएवढी तुटलेली, आणि तो तुकडा बोअरला उभी रेघ ओढून गेलेला. पिस्टनच्या मधोमध भोक नव्हतं. हे महत्त्वाचं आहे. मधोमध भोक म्हणजे प्लग किंवा कार्बन लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेटलं, तो प्री-इग्निशनचा प्रकार. कडा खरबरीत आणि रिंगांमधली भिंत तुटलेली म्हणजे नॉक, आणि तो एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

आता उसावरच्या तुमच्या आरोपाकडं येतो.

पेट्रोलचा ऑक्टेन म्हणजे आपोआप पेटायला ते किती नकार देतं त्याचं माप. आपल्याकडचं साधं पेट्रोल आधी ९१ आरओएनचं (आरओएन म्हणजे त्या मापाचा आकडा) होतं. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी किमान ९५ ठरवलेलं आहे. ते वाढलं कशामुळं? उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा स्वतःचा आरओएन १०८ च्या आसपास आहे, त्यामुळं. शिवाय इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुप्पटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे आतलं मिश्रण थंड करतं. नॉकच्या बाबतीत हे दोन्ही गुण पोराच्या बाजूचे होते. आमच्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जे जातं ते नॉक थांबवणारं रसायन आहे, वाढवणारं नाही. ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये नॉकवर शिसं शोधलं, पण त्याच काळात अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलनंही नॉक थांबतो हे त्यांना माहीत होतं, त्यावर त्यांनी काम केलं होतं. पेटंट आणि नफा शिशात होता म्हणून जगानं शिसं घेतलं, आणि मुलांच्या रक्तात शिसं भिनत राहिलं. आपल्याकडं ते पूर्ण बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. आज तुम्ही बोट दाखवताय ते त्या उपायाकडं, जो तेव्हा बाजूला सारला होता.

इथेनॉलचे दोष मी झाकत नाही. त्यात ऊर्जा कमी, म्हणून मायलेज पडतं. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि सील त्याला मानवत नाहीत. या गाडीच्या नळ्या मी बदलून घेतल्या आहेत. ते पाणी ओढतं, आणि कॅनमध्ये महिनोन् महिने ठेवलं तर पाणी-इथेनॉलचा थर खाली बसतो आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. उसाला पाणी किती लागतं हा वादही खरा आहे, आणि तो आम्ही इथं रोज घालतो. पण पोरानं पेट्रोल ताजं भरलं होतं, त्याच दिवशी, पंपावरून.

आणि इथं तुमचा खरा गुन्हा सापडतो. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त द्यायला हवं. फुल थ्रॉटलला तुमच्या फाइलमध्ये ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती चालत नव्हती, तक्त्यातला आकडाच चालत होता, आणि तो तक्ता जुन्या पेट्रोलचा होता. तुम्ही लॅम्डा (१ म्हणजे हवा-इंधन नेमकं, कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८४ मिळतोय असं समजत होतात; प्रत्यक्षात तो ०.९१ च्या आसपास होता. मी माझा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून दुसऱ्या गाडीवर तुमचीच तऱ्हा तपासली, तेव्हा तेच दिसलं. बूस्टखाली एवढं कोरडं मिश्रण, ६८ अंशांची हवा, पुसलेला तापमानाचा तक्ता आणि वर तीन अंश पुढं ओढलेलं टायमिंग. यात उसाचा हात कुठं आहे ते मला दाखवा. देशात दहा टक्के मिश्रण २०२२ मध्ये झालं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर यायला लागलं. तुमचा धंदा पेट्रोलवर चालतो आणि पेट्रोल बदललं हे तुम्हाला माहीत नाही?

तरीही पिस्टन वाचला असता. कंपनीनं त्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला आहे. ज्वारीच्या रानात माळ्यावर राखणदार बसवावा तसा तो सात हजारांच्या त्या कंपनाकडं कान लावून असतो. ऐकू आलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लगेच त्या सिलिंडरचं टायमिंग काही अंश मागं घेतो. तुम्ही त्याची संवेदनेची मर्यादा इतकी वर नेलीत की त्याला काही ऐकूच येऊ नये. पोरानं मला दाखवलेल्या लॉगमध्ये नॉक रिटार्डचा रकाना पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत शून्य आहे. त्या तापमानाला, त्या बूस्टला, एवढ्या लांब सत्रात शून्य येऊ शकत नाही. तो आकडा पाहून तुम्ही पोराला म्हणालात, "बघ, एकदम स्वच्छ." राखणदाराच्या कानात बोळा कोंबायचा आणि रानात चोर नाही म्हणून सांगायचं, हे काम तुम्ही केलंत.

सेन्सर उघडून पाहिला. बोल्टखाली कुणीतरी स्प्रिंग वॉशर घातला होता. हा सेन्सर धातूला धातू लावून, खाली रंग-वॉशर काही न ठेवता, वीस न्यूटन मीटरला आवळायचा असतो; कमी-जास्त आवळला किंवा मध्ये वॉशर आला की त्याच्या कानात खोटं ऐकू येतं. गाडी तुमच्याकडं जायच्या आधी तो सेन्सर मी स्वतः आवळला होता, वॉशरशिवाय.

त्यावर तुम्ही पोराला ऑक्टेन बूस्टरची बाटली विकलीत. "तीन पॉइंट वाढतात." या बाटल्यांच्या धंद्यात पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. तीन पॉइंट म्हणजे ०.३ ऑक्टेन. हे तुम्हाला माहीत असेल तर ती लबाडी आहे, आणि माहीत नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावू नये. खरंच जास्त ऑक्टेन हवं असेल तर आपल्याकडं इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून मिळतं. महाग आहे, पण बाटलीतल्या पाण्यापेक्षा प्रामाणिक आहे.

काम कसं करायचं असतं तेही लिहितो, कारण पोरांनी तुम्हाला ते विचारावं अशी माझी इच्छा आहे. आधी इंजिन निरोगी आहे का ते बघायचं: कॉम्प्रेशन, प्लग, बूस्टची गळती, ऑइलची वाफ इनटेकमध्ये किती येते ते. ती वाफ मिश्रणाचा ऑक्टेन खाली ओढते. बूस्ट वाढवला तर एक पायरी थंड प्लग आणि गॅप थोडा कमी. पहिल्या रनला टायमिंग मुद्दाम मागं आणि मिश्रण ओलं, लॅम्डा ०.८० च्या आसपास. मग डायनोवर एकेक अंश पुढं. प्रत्येक अंशाला ताकद किती वाढली ते बघायचं. वाढ थांबली की पुढचा अंश फुकट आहे, तो घ्यायचाच नाही. नॉक त्याच्या आधी आला तर तिथून दोन-तीन अंश मागं यायचं, आणि गरम हवेसाठी आणखी मागं घेणारा तक्ता भरायचा.

कानही लागतात. मी तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळतो, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती कारखान्यात आवाजापासून वाचायला घालतात त्या कानटोपीत. बाहेरचा सगळा गोंगाट जातो आणि नॉकचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो, अगदी हलका असताना, पिस्टनला काही व्हायच्या आधी. याला दोनशे रुपये लागत नाहीत. आणि मोठी यंत्रं हवीत तर पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली, वाहनं तपासणारी संस्था एआरएआय उभी आहे. ज्या जिल्ह्यात देशाच्या गाड्यांची इंजिनं तपासली जातात, त्याच जिल्ह्यात तुम्ही टोलनाक्यापुढच्या सरळ रस्त्यावर लॅपटॉप मांडीवर ठेवून सुपरचार्ज इंजिन ट्यून करता.

ब्लॉक बोअर करून आणला आहे, पिस्टन आणि रिंगा नव्या, कंपनीची पुली परत चढवली आहे. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं की गाडी पुन्हा पळेल. ती पळवणं माझ्याकडं लागलं. पण तुमच्याकडून काही गोष्टी हव्या आहेत, आणि त्या मागितल्याशिवाय मी हे पत्र बंद करणार नाही.

कंपनीची मूळ फाइल परत द्या. तुमच्या फाइलला तुम्ही पासवर्ड लावला आहे, तोही द्या. इंजिन पोराचं आहे, त्यातले आकडे त्याचे आहेत. तुमच्या रनचे लॉग द्या, काही घेतले असतील तर. लेथचं, पिस्टनचं आणि गॅस्केटचं बिल मी पाठवलं आहे, त्यातला तुमचा वाटा भरा. इंदापूरच्या ज्या दोन पोरांना तुम्ही हीच फाइल दिली आहे, त्यांना आजच फोन करून सांगा की फुल थ्रॉटल मारू नका आणि प्लग काढून बघा. त्यांच्या गाड्या उघडायची वेळ माझ्यावर आली तर ते फोटोही मी असेच सगळ्यांसमोर ठेवीन. आणि पुढच्या गाडीत नॉक सेन्सरच्या तक्त्याला हात लावणार असाल, तर ते मालकाला कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा.

कळावे,
कऱ्हेकाठचा एक इंजिनवाला आणि ऊसवाला